हत्तीचा दाखला

पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. आमचे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. ते २०१८ मध्ये गेले, तेव्हापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आई ७९ वर्षांची आहे. इतकी वर्षं हा दाखला कसा होतो याची मी कधी चौकशीही केली नव्हती, कारण तो आपोआप व्हायचा. म्हणजे आई शेजारच्या मावशींना घेऊन रिक्षाने बँकेत जायची, कुठंतरी सही करायची आणि येताना भडंगाचा पुडा आणायची. घरात भडंग आला की दाखला झाला, एवढंच आम्हाला ठाऊक.

२०२४ च्या दिवाळीआधी मावशी मुलाकडं बेंगळुरूला गेल्या आणि आईच्या गुडघ्याने असहकार पुकारला. म्हणून आम्ही ठरवलं, यंदा हे काम घरी बसून, मोबाईलवर करायचं. त्या घरबसल्या कामाला बँकेच्या दोन फेऱ्या, १३४४ रुपये आणि जवळजवळ सगळा नोव्हेंबर लागला. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं हिशेब लिहितो, त्यामुळे खाली तारखा आणि आकडे बरोबर आहेत. बाकीचं आठवेल तसं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज. पुतण्या पुण्याहून आलेला. जेवणं झाल्यावर म्हणाला, "आज्जी, दोन मिनिटांचं काम आहे. चेहरा दाखवायचा, संपलं."

"मी जातो की बँकेत. सही तर करायची," आई म्हणाली. (आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात. पुढं याचा संबंध आहे.)

"अगं आज्जी, जग कुठं चाललंय!"

त्याचंही चूक नव्हतं. हयातीचा डिजिटल दाखला १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाला. तेव्हा बोटाचा ठसा नाहीतर डोळ्याचं बुबुळ मशीनला दाखवावं लागायचं. २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही तो निघतो, आणि लाखो लोक काढतात. फोनमध्ये दोन ॲप घ्यावी लागतात, एक दाखल्याचं, एक चेहरा वाचणारं. आधी फोन चालवणाऱ्याला स्वतःचा चेहरा दाखवायचा असतो. म्हणजे आईच्या आधी मी जिवंत ठरलो. पहिल्याच झटक्यात, हिरवं कडं उमटून. उगाच छाती फुगली.

मग पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, नंबर. पीपीओची मूळ प्रत २०१९ च्या पुरात भिजलेली. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि गावभागातल्या आमच्या घरात कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली होते. शाई उतरून नंबरातला ३ आहे की ८ ते कळेना. शेवटी पासबुकाच्या पहिल्या पानावर सापडला. तुमच्या पासबुकावर हा नंबर नसेल तर आजच लिहून घ्या, पूर काही सांगून येत नाही.

पुढचा प्रश्न आला: पुनर्विवाह केला आहे का? कुटुंब निवृत्तिवेतनात हा प्रश्न असतोच, कागदी फॉर्मवरही असतो. पुतण्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. आई पदर तोंडाला लावून हसली. "न्हाई म्हण. पर इचारलं, बरं वाटलं."

आता आईचा चेहरा. स्क्रीनवर सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. आईचे दोन्ही मोतीबिंदू मिरजेत काढलेले आहेत, दिसतं चांगलं, पण डोळे मिट म्हटलं की ती देवापुढं मिटतात तसे मिटून बसायची. "आज्जी, उघड." उघडायची. "आता मिट." परत ध्यान. मग उजेड कमी आहे म्हणून सोप्यातून अंगणात आलो. मागची भिंत पांढरी हवी म्हणून मी आणि बायकोने दोन टोकांना धरून चादर ताणली. शेजारच्या पोरांना वाटलं नाटक आहे, ती येऊन समोर बसली. ११ वेळा केलं. ११ वेळा उत्तर एकच, चेहरा जुळत नाही.

पुतण्या म्हणाला, मशीन आधार कार्डाच्या फोटोशी ताडून बघतं. कार्ड काढून बघितलं. फोटो २०१२ चा. त्यातली बाई ६७ वर्षांची, गाल भरलेले, केस निम्मे काळे, नाकात चमकी, डोळ्यांवर जाड काचा आणि कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. समोर बसलेल्या बाईत यातलं काही राहिलेलं नाही. दोघींत साम्य म्हणजे, फोटो काढणाऱ्यावर दोघींचाही विश्वास नाही.

सोमवारी सकाळी पुतण्या गेला. संध्याकाळी यार्डातून आलो तर आई फोनपाशी बसलेली. म्हणाली, "अजून एकडाव बघू."

मी ॲप उघडेपर्यंत ती आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं. देवघरातल्या करंड्यातलं, बोटाने लावलेलं, जरा तिरकं.

"त्याला कुंकू दिसंना म्हणून वळखंना," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. अशा मशीनचा कुंकवाशी काही संबंध नसतो, ते डोळ्यांतलं अंतर, नाक, जबडा असलं मोजतं, हे मला पुतण्याने सांगितलं होतं. पण ते त्या वेळी सांगायची गोष्ट नव्हती. फोन धरला. तिने डोळे मिटले, उघडले, या वेळी अगदी बरोबर. कडं फिरलं. चेहरा जुळत नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि भाकरी करायला उठली. कुंकू तिने लगेच पुसलं नाही. रात्री जेवतानाही होतं. बायको दोनदा माझ्याकडं बघून परत ताटात बघायला लागली.

५ नोव्हेंबरच्या रात्री मी बँकेच्या ॲपमधल्या मदतनीस बाईंना गाठलं. बाई म्हणजे चित्र. काठापदराची साडी, जोडलेले हात, आणि खाली वाक्य, "नमस्कार! मी तुम्हाला मदत करू शकतो."

आई शेजारीच होती. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "करू शकतो म्हनती? आपल्याकडचीच हाय मग."

मी टाइप केलं, आईच्या हयातीच्या दाखल्यात चेहरा जुळत नाही, काय करावे?

"मी समजलो. तुम्ही चेहऱ्याच्या प्रसाधनांवर कॅशबॅक शोधत आहात का?"

नाही. आई जिवंत आहे. तसा दाखला पाहिजे. मृत्यूचा नाही, हयातीचा.

इथं माझी चूक झाली. मृत्यू हा शब्द मीच माझ्या हाताने घरात आणला. बाईंनी बाकीचं सगळं सोडून तेवढा उचलला.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पुढील प्रक्रियेसाठी १ दाबा."

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मला वाटलं, पुढं गेलो तर एखादा माणूस लागेल. १ दाबला. माणूस लागला नाही. विनंती नोंदवली गेली आहे असं आलं, एक १४ आकडी नंबर आला आणि पुन्हा जोडलेले हात. कसली विनंती ते मी विचारलं नाही. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कशासाठी ते कळल्याशिवाय १ दाबू नका.

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. "काका, सरळ एआयला सांगा ना, अर्ज लिहून देईल." फोनमध्ये त्यानेच ते घालून दिलं होतं. बोलूनही सांगता येतं. मी दुकानातल्या गादीवर बसून, आजूबाजूला हळदीचे सौदे चालू असताना म्हणालो, "माझ्या आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून दे."

त्याने ऐकलं, हत्तीच्या दाखल्यासाठी.

आपण एखाद्या माणसाला हत्तीचा दाखला काढून दे म्हटलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडं बघेल. याने बघितलं नाही. पाच सेकंदांत अर्ज तयार. "महोदय, माझ्या आईच्या मालकीचा एक हत्ती असून त्याच्या मालकीच्या दाखल्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अर्ज सादर करीत आहे." खाली हत्तीचं वय, उंची आणि सुळ्यांची लांबी लिहायला मोकळी जागा. दुकानात बसलेल्या वकीलसाहेबांना दाखवला. ते चष्मा वर करून म्हणाले, "कायदा बरोबर आहे. पाळीव हत्तीला मालकीचा दाखला लागतोच."

घरी सांगितलं तेव्हा आईला गणपतीच्या देवळातला हत्ती आठवला. "त्याला मी केळी घातल्यात. तवा त्याच्याकडं कुणी दाखला मागितला न्हाई आन आता माझ्याकडं मागत्यात."

मग मी हाताने टाइप करून हयातीचा अर्ज मागितला. तोही देखणा आला. "महाराष्ट्र निवृत्तिवेतनधारक हयात पडताळणी नियम, १९८७ मधील नियम १४ (ग) नुसार" अशी सुरुवात. वाचून मलाच वाटलं, आता कोण नाही म्हणतंय.

८ नोव्हेंबरला शुक्रवारी अर्धी रजा टाकून पेन्शनचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो. टेबलामागचे गृहस्थ निवृत्तीला आलेले दिसत होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हे १९८७ चे नियम कुठून आणले?"

"मोबाईलवरून."

"निवृत्तिवेतनाचे नियम १९८२ चे आहेत हो. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम. त्यावर माझी ३१ वर्षं गेली. हे १४ ग माझ्यापासून कुणी लपवून ठेवलं?" मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "काका, अर्जच नको आहे. कोषागारातून बँकेला यादी जाते. आईंना बँकेत न्या, यादीत नावासमोर सही करा, झालं. मोबाईलवर होत असेल तर तसं करा, नसेल तर यादी आहेच. ३० तारखेच्या आत करा फक्त. चुकलं तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. नंतर दाखला दिला की मागची मिळते, पण तोवर हात आखडतो."

काम इथंच संपलं होतं. आई पहिल्या दिवशी जे म्हणाली तेच त्यांनी सांगितलं. पण मी रिक्षात बसल्यावर फोन काढला आणि एआयला विचारलं, यादीवर सही करायची पद्धत आहे का? त्याने लिहिलं, "ही पद्धत आता बंद झाली आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र सादर करणे आवश्यक आहे." आधीचा नियम खोटा निघाला असं सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही अगदी बरोबर आहात. माझ्या चुकीबद्दल मनापासून क्षमस्व." आणि त्याच दमात १९९१ चा दुसरा नियम काढून दिला. इतक्या अदबीने माफी आमच्या खानदानात कुणी मागितलेली नाही, त्यामुळे मी विरघळलो. ३१ वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं सोडून त्याचं ऐकलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर लिहितो.

११ तारखेला स्टॅम्प विक्रेत्याकडं गेलो. एआयने १०० रुपयांचा सांगितलेला. विक्रेता म्हणाला, "शंभरावर भागत नाही आता. १६ ऑक्टोबरपासून पाचशे झालेत." ५०० चा घेतला. तो अजून कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, पुरापासून सुरक्षित. प्रतिज्ञापत्र माझ्याकडं शेवटपर्यंत कुणी मागितलं नाही. ज्याला कागद द्यायचा त्यालाच आधी विचारा, कागद लागतो का म्हणून.

१२ तारखेला दुपारी बँकेचा मेसेज आला. १४ आकडी नंबर ओळखीचा वाटला. "खातेदाराच्या मृत्यूबाबतच्या दाव्यासाठी मृत्यू प्रमाणपत्र व वारसांची कागदपत्रे शाखेत सादर करावीत." मागोमाग बायकोचा फोन. आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी एटीएमला गेली होती, पैसे निघत नव्हते.

१३ ला आईला घेऊनच बँकेत गेलो. रिक्षा जाऊन-येऊन १६० रुपये. काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवला.

"इथं क्लेम दिसतोय, काका. खातं होल्डवर गेलंय."

"पण ही बसलीय ना समोर."

"मला दिसतायत हो आज्जी. पण मला दिसून उपयोग नाही, इथून हलवता येत नाही. रिक्वेस्ट वर गेलीय."

आई इतका वेळ पिशवी मांडीवर धरून ऐकत होती. पुढं वाकून म्हणाली, "मी गेलो कधी म्हनायचं? तारीख सांगा. तेराव्याचं बघाय पायजे."

मॅडमना हसू आवरेना आणि हसणं बरं दिसत नाही हेही कळत होतं. त्या उठून आत मॅनेजरांकडं गेल्या, वीस मिनिटांनी आल्या. नव्याने केवायसी करायचं ठरलं. दोन फोटो, आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स. फोटो ८० रुपयांना आठ मिळाले, झेरॉक्सचे २४ झाले. फॉर्म ऑनलाइन भरून त्याची प्रिंट द्यायची. मी मराठीत भरला, भाषांतर आपोआप होतं म्हणे. प्रिंट बघून मॅडम म्हणाल्या, "आज्जींचा जन्म ब्रिक्समध्ये झाला?"

आईचं माहेर विटा. खानापूर तालुक्यातलं, चांगलं मोठं गाव. मशीनने त्याच्या भाजलेल्या विटा करून टाकल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरचा एक जण म्हणाला, "तुमचं बरं आहे. माझी सासुरवाडी वाळवा. तिथं ड्राय आलंय." गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत स्वतः टाइप केलं की हा घोळ होत नाही. मॅडमनी आमचं पेनाने दुरुस्त करून शेजारी सही करून घेतली.

मग मी हळूच यादीचं विचारलं. यादी होती! बंद वगैरे काही झालेली नव्हती. पण यादी ज्या साहेबांकडं होती ते निवडणुकीच्या ड्युटीवर, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. "मतदान झालं की या. २५ ला सोमवारी."

आई उठताना म्हणाली, "ते साहेब वळखत्यात मला. चष्मेवाले."

मधल्या दिवसांत, पुढच्या वर्षीची सोय म्हणून, आधारचा फोटो बदलायचं ठरवलं. १५ ला त्रिपुरी पौर्णिमा आणि गुरुनानक जयंती, सगळं बंद. १८ ला सोमवारी आधार केंद्रावर सकाळी साडेनऊला टोकन घेतलं, नंबर ३१. आमचा नंबर सव्वाला लागला. बायोमेट्रिक बदलायची फी १०० रुपये होती, पावती घ्या. बोटांचे ठसे उमटायला बराच वेळ गेला. ऑपरेटर पोराने ओल्या फडक्याने आईची बोटं एकेक करून पुसली, दाबून धरली, परत पुसली. "आज्जी, रेषाच नाहीत." साठ वर्षं भाकऱ्या थापल्यावर कुठल्या राहणार? डाव्या हाताची तीन बोटं शेवटी आली.

फोटोच्या वेळी तो म्हणाला, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या. आईने घेतला आणि विचारलं, "कुंकू लावू का नको?"

त्याने मान वर केली. "रोज जशा असता तशा बसा, आज्जी."

ती तशीच बसली. नवा फोटो व्हायला महिनाभर लागू शकतो असं सांगून त्याने नंबराची पावती दिली. जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली ती आधी कळली असती तर बरं झालं असतं: काहींनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं आणि मग चेहरा दाखवून दाखवून थकतात. आमचं नव्हतं. तुमचं आहे का ते बघून घ्या.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. मतदानाची चिठ्ठी आठवड्यापूर्वीच घरपोच आलेली, तीही दोन पक्षांकडून दोन. त्या दोघांना आई जिवंत असल्याबद्दल काडीची शंका नव्हती. शाळेच्या खोलीत अधिकाऱ्याने यादीतलं नाव मोठ्याने वाचलं. बाकावर बसलेल्या वेगवेगळ्या पक्षांच्या पोरांनी आपापल्या कागदावर खूण केली. त्यातला एक म्हणाला, "या काकू, सावकाश." ओळखपत्रावरचा फोटो आधारहून जुना. अधिकाऱ्याने एकदा कार्डाकडं बघितलं, एकदा आईकडं, बोटाला शाई लावली. दीड मिनिट. बाहेर आल्यावर आई शाईचं बोट वर धरून म्हणाली, "ह्योच दे की बँकंत दाखला म्हणून."

२५ ला सकाळी अकराला बँकेत. चष्मेवाले साहेब आले होते. आईला बघून म्हणाले, "यंदा उशीर केला, आज्जी. मावशी कुठायत?" तिने बेंगळुरूची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कपाट उघडलं आणि जाड कागदांचा गठ्ठा काढला, कडेला दोरी ओवलेली. कुटुंब निवृत्तिवेतनाची यादी वेगळी होती. ते बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

आईच्या नावापुढं कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं: मयत?

माझ्या पोटात गोळा आला. साहेबांनी मागं बघून मॅडमना विचारलं, त्यांनी क्लेमचं सांगितलं, त्याबरहुकूम खूण करून ठेवली होती म्हणाल्या. "पण खात्री नव्हती म्हणून पेन्सिलने, सर. प्रश्नचिन्ह घातलंय."

साहेबांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला. तो एका बाजूने झिजून तिरका झालेला, वर शाईचे डाग. त्यांनी कागद डाव्या हाताने दाबून धरला आणि सावकाश खोडलं. आधी प्रश्नचिन्ह गेलं, मग अक्षरं. चुरा फुंकला. आई अगदी लक्ष देऊन बघत होती, चुरा तिच्या पदरावर उडाला तो तिने झटकला.

"करा सही."

आई चौथी शिकलेली. सही म्हणजे पूर्ण नाव, वडिलांनी शिकवलेलं, शाळेच्या पाटीवर काढावं तसं. रेघेवर शिरोरेघा द्यायला ती विसरत नाही. शाईचं डावं बोट कागदावर, उजव्या हातात पेन. पुनर्विवाह न केल्याच्या कागदावरही एक सही झाली. साहेबांनी शिक्का मारला. आत शिरल्यापासून चौदा मिनिटं, त्यातली दहा बेंगळुरूची.

खात्यावरचा होल्ड दोन दिवसांनी, २७ ला, निघाला. येताना भडंगाचा पुडा घेतला. घरात बायकोने पुडा बघितला आणि काही विचारलं नाही.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: स्टॅम्प ५००, आधार १००, फोटो आणि झेरॉक्स १०४, बाकी रिक्षा ६४०. अडत्याने दीड दिवसाचा पगार कापला तो यात धरलेला नाही. भडंगही नाही, ते दरवर्षीचंच आहे. पेन्शन डिसेंबरात वेळेवर जमा झाली.

११ डिसेंबरला संध्याकाळी बँकेचा शेवटचा मेसेज आला, तोच १४ आकडी नंबर. मी आईला वाचून दाखवला. "प्रिय ग्राहक, आवश्यक कागदपत्रांअभावी आपला मृत्यू दावा नाकारण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

आई तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"म्हंजे कागद नव्हते म्हणून वाचलो म्हण की," म्हणाली आणि सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.